खडकाळ किनारा, उंच कडे आणि तुमचे प्रश्न

खडकाळ किनारे आणि समुद्रकडे बघायला जाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं आणि इतके प्रश्न आले की सगळे छापायचे तर अख्खा अंक त्यातच जाईल. म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी छाटलीत, राग नसावा.

प्रश्न: आम्ही आतापर्यंत फक्त वाळूच्या बीचवर गेलोय. आता पहिल्यांदाच दगडगोट्यांचा किनारा आणि मागे उंच कडा अशा ठिकाणी जाणार आहोत. फोटो बघून भारी वाटतंय पण घरचे म्हणतायत तिकडे रिस्क असते. खरंच एवढं काही वेगळं असतं का?

उत्तर: हो, असतं, आणि घरच्यांचं बरोबर आहे, पण म्हणून जायचंच नाही असं मुळीच नाही. वाळूच्या बीचवर समोर समुद्र आणि मागे मोकळी जागा असते, पाणी वाढलं की चार पावलं मागे यायचं, संपलं. इथे मागे भिंत आहे. म्हणजे एका बाजूने पाणी चढतंय, दुसऱ्या बाजूला वरून दगड सुटू शकतो आणि मधला जो पट्टा आहे तो बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा अरुंद होतो, काही जागी तर पूर्ण गायबच होतो. सगळी काळजी यातूनच निघते बघा, समुद्राकडे पाठ करायची नाही आणि कड्याच्या पायथ्याशी टेकायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात, वारा लागला की कड्याच्या आडोशाला जाऊन डबा उघडतात आणि फोटोसाठी लाटांकडे पाठ करून उभे राहतात.

पण हा किनारा स्वतःबद्दल बरंच काही सांगत असतो, फक्त बघायची सवय लागते. पायथ्याशी पडलेले दगड बघा. कोपरे टोकदार, कडा धारदार, रंग ताजा असा ढीग दिसला तर तो अलीकडेच वरून आलाय, लाटांना अजून त्याला घासायला वेळ मिळालेला नाही. मग मान वर करून बघा, बाकीचा कडा काळपट मळकट आणि मध्येच एक फिकट स्वच्छ डाग दिसेल, तिथूनच तो सुटलाय. कड्यातून पाणी ठिबकतंय किंवा बारीक खडे घरंगळल्याचा आवाज सारखा येतोय तर तिथे रेंगाळू नका. किती लांब राहायचं असं बऱ्याच जणांनी विचारलंय, तर कड्याच्या उंचीइतकं अंतर ठेवता आलं तर उत्तम, तेवढी जागा नसेल तर निदान तिथे थांबू नका, चालत राहा. मोठा पाऊस होऊन गेला की पुढचे काही दिवस कडे जास्त सुटतात. थंड प्रदेशात हिवाळ्यात आणि त्यानंतर लगेच सुद्धा, कारण फटीत शिरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि फट अजून रुंद करतं, बर्फ होता तोवर धरून ठेवलेला दगड तो वितळला की मोकळा होतो.

प्रश्न: जो तो सांगतो 'टाइड टेबल बघून जा'. मी उघडलं तर नुसते आकडे. सकाळी 6:10 ला 4.6 मीटर, दुपारी 12:20 ला 0.9 मीटर, असलं काहीतरी. यातून मी काय समजायचं?

उत्तर: हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका. टाइड टेबल म्हणजे भरती ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची यांचा तक्ता. 6:10 ला पूर्ण भरती आणि 12:20 ला पूर्ण ओहोटी, म्हणजे साधारण सव्वासहा तासांत पाणी 3.7 मीटर खाली जाणार आणि पुढच्या तेवढ्याच वेळात साधारण तेवढंच परत वर येणार. 3.7 मीटर म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तर जवळपास तेवढी उंची, हे आधी डोक्यात बसवा.

आता लोक फसतात ते इथे. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. खलाशी लोक बारा भागांचा ठोकताळा वापरतात, पहिल्या तासात बारातला एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. तुमच्या आकड्यांत एक भाग म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर. म्हणजे ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी फूटभरच चढतं, माणूस म्हणतो काही नाही रे अजून खूप वेळ आहे, आणि मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात दर तासाला 90 सेंटिमीटरच्या वर चढतं. किनारा सपाट असेल तर तेवढ्यात पाणी खूप आत येतं.

त्यामुळे साधा हिशोब, पाणी उतरत असताना जायचं आणि पूर्ण ओहोटीच्या सुमाराला परत फिरायचं. तुमच्या उदाहरणात साडेदहाला उतरा आणि साडेबाराला माघारी वळा. 'ओहोटी 12:20 ला आहे ना, मग बाराला जाऊ' हे चुकीचं, कारण तुमचा परतीचा सगळा रस्ता चढत्या पाण्यात जातो.

अजून एक, आणि हे टेबलात लिहिलेलं नसतं. किनारा सरळ नसतो, खडकाची टोकं समुद्रात घुसलेली असतात आणि दोन टोकांच्या मध्ये छोटीशी खाडीसारखी जागा असते. तुम्ही आत गोट्यांवर निवांत बसलेले असता, पाणी तुमच्यापासून तीस पावलं लांब असतं, पण तिकडे टोकापाशी ते कधीच भिंतीला लागलेलं असतं. रस्ता बंद. म्हणून टोक ओलांडताना क्षणभर थांबून बघा की इथे पाणी किती जवळ आहे, आणि परतायची वेळ त्या टोकावरून ठरवा, बसलेल्या जागेवरून नाही.

अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही, तर अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, फरक कमी. दोन भरत्यांचा पूर्ण फेरा साधारण 24 तास 50 मिनिटांचा असतो म्हणून कालची वेळ आज चालत नाही, आज ओहोटी 12:20 ला तर उद्या साधारण एक दहाला. जागेनुसार तर जमीन अस्मानाचा फरक पडतो, कॅनडातल्या बे ऑफ फंडीमध्ये भरती ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो, तिथल्या होपवेल रॉक्सच्या सुळक्यांच्या पायथ्याशी लोक ओहोटीत चालतात आणि काही तासांनी तिथेच कयाक चालवतात. काही समुद्रांत मात्र दिवसातून एकच भरती असते, तिथे वरचा बारा भागांचा हिशोब लागू पडत नाही. शेवटचं म्हणजे टेबल हवामान धरत नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, त्यात वारा किनाऱ्याकडे असेल तर अजून, म्हणून वादळी दिवशी टेबलावर विसंबू नका. आणि परदेशात असाल तर टेबलातली वेळ उन्हाळ्याची घड्याळं धरून दिलीये का तेही बघा, तासाचा फरक पडतो आणि इथे तास म्हणजे फार झाला.

प्रश्न: समुद्र अगदी शांत दिसत होता आणि अचानक एक मोठी लाट येऊन माणसं ओढून नेली, असे व्हिडिओ फिरतात. हे खरं असतं का? आणि सातवी लाट मोठी असते म्हणतात ते?

उत्तर: व्हिडिओ खरे असतात. आइसलंडमधला रेनिसफ्यारा हा काळा किनारा त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे, बसाल्टचे खांब, गुहा, समोर पाण्यात उभे सुळके, इतकी सुंदर जागा की लोक बघत बघत पाण्याच्या जवळ जातात, आणि तिथे पर्यटकांचे जीव गेलेत. आता तिथे धोक्याच्या दिव्यांची सोय केलीये.

असं होतं कारण लाटा तिथल्या वाऱ्याच्या नसतात. हजारो किलोमीटर लांब कुठेतरी वादळ झालेलं असतं, तिथून निघालेल्या लांब लाटा समुद्र ओलांडून येतात, इथे आकाश स्वच्छ आणि वारा शून्य. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळतात, कधी एकमेकींना मारतात आणि कधी नेमक्या एकावर एक येतात, म्हणून बराच वेळ बारक्या लाटा आणि मग दोन चार मोठ्या लाटांचा गट. त्यात तळ एकदम खोल उतरत असेल तर लाटेचा जोर लांबवर फुटून संपत नाही, सगळी ताकद किनाऱ्यावर येऊन आपटते. सातवी वगैरे असा काही नियम नाही, मोजत बसू नका. मोठ्या लाटा गटाने येतात एवढं मात्र खरं.

खाली उतरण्याआधी वरूनच पंधरा वीस मिनिटं समुद्र बघा. हे करा, प्लीज करा, लोकांना कंटाळा येतो पण याच्यासारखा दुसरा उपाय नाही. आणि खडक बघा, जिथपर्यंत खडक ओला आहे तिथपर्यंत लाट येऊन गेलीये, तुम्ही बघत होतात तेव्हा नसेल आली पण आलीये. कोरड्या खडकावरच उभं राहायचं, आणि पावसाने सगळंच ओलं असेल तर अजून मागे.

प्रश्न: बूट कुठले घालायचे? सँडल चालेल का?

उत्तर: सँडल नको, स्लिपर तर अजिबात नको. घोट्याला आधार देणारे, रबरी चांगल्या ग्रिपचे बूट. गोट्यांवर प्रत्येक पाऊल थोडं घसरतं त्यामुळे चालण्याचा वेग अर्ध्यावर येतो, वेळेचा अंदाज करताना हे धरा. हिरवं शेवाळ आणि खडकावरचा तो काळा तुळतुळीत पट्टा ओला असताना भयंकर घसरडा असतो, काळा दिसला की लोकांना वाटतं दगडच काळा आहे, पण तिथे सूक्ष्म शेवाळ आणि दगडफुलासारखी वाढ असते. पांढरे खरखरीत बार्नेकल, म्हणजे खडकाला चिकटून बसणारे कवचवाले बारके जीव, असलेल्या खडकावर पाय छान धरतो, फक्त तिथे हात टेकू नका, सालटं निघतात.

प्रश्न: आईचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात. तिला समुद्राचे कडे बघायची फार इच्छा आहे. खाली उतरणं शक्यच नाही. मग नेण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: नक्की न्या! कडा वरूनच जास्त चांगला कळतो असं माझं स्पष्ट मत आहे, खालून फक्त भिंत दिसते, वरून किनाऱ्याची पूर्ण वळणं, एकामागून एक टोकं, खाली फुटणारं पाणी, सगळं एकदम दिसतं. आयर्लंडच्या क्लिफ्स ऑफ मोहरसारख्या ठिकाणी, जिथे कडा 214 मीटरपर्यंत उंच आहे, बहुतेक लोक वरूनच बघतात. बोट जाते तिथे खालूनही दिसतो. बाहेर पडण्याआधी बघून ठेवायच्या गोष्टी म्हणजे गाडी थांबते तिथून कड्यापर्यंत किती चालणं आहे, रस्ता पक्का आहे का, मध्ये बसायला बाक आहेत का आणि वारा किती आहे. वाऱ्याला कमी लेखू नका, कड्यावर आपटलेला वारा वर उसळतो आणि काठाजवळ झोत एकदम बदलतो, काठी टेकून चालणाऱ्या माणसाला तोल सावरणं अवघड जातं.

आणि हे आईंपेक्षा बरोबरच्या तरुण मंडळींसाठी, काठावर जाऊ नका. वरून गवत सलग दिसतं पण खालची माती निघून गेलेली असू शकते, तुम्ही उभे आहात त्याच्या खाली काहीच नाही हे तुम्हाला वरून कळूच शकत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बीची हेडसारख्या चॉकच्या, म्हणजे मऊ चुनखडीच्या, पांढऱ्या कड्यांवर तर ही भीती कायमच, तो 160 मीटरच्या वर उंच आहे. गवतात काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. कुंपण असेल तर आत राहा, नसेल तर स्वतःच लांबची एक रेघ मनात आखून घ्या.

प्रश्न: मी नववीत आहे. समुद्रात कमानी आणि सुळके कसे तयार होतात? आणि ते पडतात का कधी?

उत्तर: फार छान प्रश्न. लाटा कड्याला पायथ्याशी घासतात, पाण्याच्या दाबाने फटीतली हवा दाबली जाते, बरोबर आलेले गोटे दगडावर आदळत राहतात, आणि पायथ्याला आडवी खाच पडते. खाच खोल गेली की वरचा भाग अधांतरी होतो आणि एक दिवस कोसळतो. पडलेला ढीग काही काळ कड्याचं रक्षणच करतो, लाटा आधी त्या ढिगावर फुटतात, मग तो हळूहळू झिजून वाहून गेला की पुन्हा पहिल्यापासून. कडा असा मागे मागे सरकतो आणि पुढे खडकाचा सपाट ओटा उरतो, ओहोटीत आपण चालतो तो हाच.

जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं असेल तर लाटा त्याला दोन्ही बाजूंनी पोखरतात. आधी गुहा, ती आरपार गेली की कमान, कमानीचं छत पडलं की एकटा सुळका, आणि शेवटी बुडखा. आणि हो, पडतात, आपल्या डोळ्यांदेखत पडतात. ऑस्ट्रेलियात लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, 1990 च्या जानेवारीत तिचा किनाऱ्याकडचा भाग कोसळला तेव्हा दोन पर्यटक पलीकडच्या भागावर अडकले, हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्याच किनाऱ्यावरच्या ट्वेल्व्ह अपॉसल्समधला एक सुळका 2005 मध्ये पडला, आणि नाव बारा असलं तरी ते बारा तसे कधीच नव्हते. माल्टाच्या गोझो बेटावरची अझूर विंडो ही प्रचंड कमान 8 मार्च 2017 ला वादळात गेली, खांबासकट गेली, आता तिथे वर काहीही नाही.

तू नववीत आहेस म्हणून अजून एक सांगतो, यासाठी मला पान जास्त लागलं तरी चालेल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट म्हणून एक खडकाळ टोक आहे. 1788 मध्ये जेम्स हटन हा भूशास्त्राचा अभ्यासक जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या दोघांना घेऊन होडीतून तिथे गेला. त्यांनी काय बघितलं, तर खाली राखाडी खडकाचे थर जवळजवळ उभे आणि त्यांच्या डोक्यावर लाल वालुकाश्माचे थर थोडेसे कललेले. आता विचार कर, राखाडी थर हे समुद्रतळाशी आडवे साचलेले गाळाचे थर, ते साचले, कठीण झाले, दाबाने वळून उभे राहिले, पाण्याबाहेर आले, वरून झिजून सपाट झाले आणि मग त्यावर लाल वाळू साचायला लागली, तीही दगड झाली. दोघांच्या मधल्या त्या रेषेत साधारण साडेसहा कोटी वर्षं गेलीयेत. लाल थराच्या तळाशी नीट बघितलं तर त्यात राखाडी खडकाचे तुटलेले तुकडे अडकलेले दिसतात, म्हणजे लाल दगड तयार होताना राखाडी दगड आधीच जुना होऊन झिजत होता, पुरावा तिथेच जडवून ठेवलाय. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं आहे असं मानणारे लोक तेव्हा भरपूर होते. हा एक कडा बघून ते मानणं किती कठीण होतं ते तुझं तूच ठरव.

आणि रेनिसफ्याराला किंवा उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला षटकोनी खांब दिसतात ना, कॉजवेला तर सुमारे 40,000 आहेत, ते कोणी घडवलेले नाहीत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि चिखल वाळताना पडतात तशा भेगा पडत खाली खाली जातात.

प्रश्न: गोटे इतके गुळगुळीत कसे होतात? आणि काही किनाऱ्यांवर लहान मोठे वेगवेगळे कसे लागलेले असतात, कुणी निवडून ठेवल्यासारखे?

उत्तर: एकमेकांवर घासून. लाट परत जाताना कान देऊन ऐका, खळखळ असा जो आवाज येतो तो हजारो गोटे एकाच वेळी घरंगळत असल्याचा आहे. टोकं आधी झिजतात म्हणून दगड गोल होत जातो. गोट्यांचा किनारा वाळूपेक्षा चढाचा का असतो तेही यातच आहे, लाट जोरात वर चढते आणि गोटे वर ढकलते पण परतताना अर्धं पाणी गोट्यांच्या फटींत मुरून जातं, उरलेल्या पाण्यात गोटे खाली ओढायची तेवढी ताकद राहत नाही.

निवडून ठेवलेल्या गोट्यांचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचा चेसिल बीच. सुमारे 29 किलोमीटर लांब बांध आहे गोट्यांचा, पश्चिमेकडे वाटाण्याएवढे आणि पूर्वेकडे पोर्टलंडला पोचेपर्यंत बटाट्याएवढे. अंधारात होडी लागली तर कुठे उतरलोय ते तिथले मच्छीमार आणि तस्कर गोटा हातात घेऊन ओळखायचे असं सांगतात.

प्रश्न: एखादा गोटा आठवण म्हणून उचलून आणला तर काय बिघडतं? आणि तिथे इतका सुंदर रंगीत दिसणारा दगड घरी आल्यावर भकास का दिसतो?

उत्तर: दुसऱ्याचं उत्तर आधी. कोरड्या दगडाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, प्रकाश त्यावरून सगळीकडे विखुरतो आणि खऱ्या रंगावर पांढुरकी छटा चढते. पाण्याचा पातळ थर ती खडबड भरून काढतो, प्रकाश आतपर्यंत जातो आणि रंग खुलतो. म्हणून तिथेच ओल्या दगडाचा जवळून फोटो काढा, ढगाळ उजेडात तर फारच छान येतो.

उचलण्याबद्दल, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे. फ्रान्समधल्या एत्रेताला, जिथल्या कमानीची चित्रं मोनेने पुन्हा पुन्हा काढली, तिथे गोटे न्यायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये 1949 च्या किनारा संरक्षण कायद्याखाली अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे. एकाने काय होतं असं वाटतं, पण गोट्यांचा तो ढीग लाटांचा जोर जिरवत असतो. इंग्लंडच्या डेव्हनमध्ये हॉलसँड्स नावाचं मच्छीमारांचं गाव होतं. 1897 पासून तिथल्या समुद्रातले गोटे आणि वाळू गोदीच्या बांधकामासाठी प्रचंड प्रमाणात उपसली, गावापुढचा किनारा खचत गेला, लोकांनी ओरड केली, 1902 मध्ये उपसा थांबवला, पण निसर्गाने ते परत भरून दिलं नाही. 1917 च्या जानेवारीत वादळ आलं आणि गाव गेलं. घरं कड्याच्या ओट्यावर होती, पुढचा गोट्यांचा बांधच उरला नव्हता. तुमच्या एका गोट्याने गाव पडणार नाही हे मान्य, पण वर्षाला लाखो लोक येतात त्या किनाऱ्यावर प्रत्येकाने एकच न्यायचा म्हटलं तरी हिशोब करून बघा. तिथेच ठेवा.

प्रश्न: जीवाश्म शोधायला जायचंय. हातोडी न्यावी का?

उत्तर: हातोडी घरीच राहू दे. कड्यावर ठोकणं म्हणजे स्वतःच्या डोक्यावर दगड ओढवून घेणं, आणि बऱ्याच ठिकाणी मनाईही असते. जीवाश्म मिळतात ते पडलेल्या आणि लाटांनी धुतलेल्या दगडांत, विशेषतः वादळ होऊन गेल्यावर, पाणी उतरत असताना, कड्यापासून लांब समुद्राच्या बाजूला. आधी तिथले नियम वाचा, काही ठिकाणी उचलता येतं, काही ठिकाणी फक्त बघायचं.

इंग्लंडमधल्या लाइम रीजिसची मेरी अॅनिंग हे काम आयुष्यभर करत होती. 1811 च्या सुमाराला तिच्या भावाला इक्थियोसॉर या प्राचीन, समुद्रात राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याची कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा पुढे तिने शोधला, तेव्हा ती बारा तेरा वर्षांची. 1823 मध्ये तिने प्लेसिओसॉर या तसल्याच लांब मानेच्या प्राण्याचा पूर्ण सांगाडा काढला. ती हिवाळ्यातच जास्त फिरायची कारण दरडी तेव्हा कोसळतात आणि नवीन काही उघडं पडतं. 1833 मध्ये अशीच एक दरड तिच्या अगदी जवळ कोसळली, बरोबरचा कुत्रा ट्रे त्यात गेला आणि ती थोडक्यात वाचली. त्या कड्याचा दगड न् दगड ओळखणारी बाई होती ती, तरी.

प्रश्न: मुलांना खडकातल्या डबक्यांत काय दाखवायचं?

उत्तर: बसायचं आणि पाच मिनिटं सावली न पाडता गप बघायचं, मग हालचाल दिसायला लागते, खेकडे, कोळंबीसारखे पारदर्शक जीव, फुलासारखे सी ॲनिमोन. टोपीसारखं शंख असलेलं लिंपेट दाखवा. ते पाण्याखाली असताना फिरून शेवाळ खरवडतं आणि पाणी उतरायच्या आधी परत आपल्याच ठरलेल्या जागी येऊन बसतं, त्याच्या कडेच्या आकाराची खोबण दगडात पडलेली असते. त्याला उपटायचा प्रयत्न करू देऊ नका, खोबणीतून सुटलं की ते सुकून मरू शकतं. एखाद्या दगडाला गोल गोल आरपार भोकं दिसली तर ती पिडॉक नावाच्या शिंपल्यानेच कोरलेली असू शकतात, मुलांना हे पटतच नाही. दगड उलटून बघितला तर हळूच होता तसाच परत ठेवायचा, खालचे जीव उन्हात राहत नाहीत.

प्रश्न: सगळं करूनही पाण्याने अडकलोच तर? आणि कोणी पाण्यात पडलं तर उडी मारायची का?

उत्तर: अडकलात तर कडा चढायचा प्रयत्न करू नका, टोकाला वळसा घालून पोहत जायचा तर विचारही नको. कोरडी, लाटांच्या ओल्या रेषेच्या वरची जागा गाठा आणि लगेच फोन करा, उशिरा करू नका, 'बघू अजून दहा मिनिटं' यात अंधार होतो. त्या देशाचा आपत्कालीन नंबर आणि किनाऱ्याचं नेमकं नाव आधीच कागदावर लिहून ठेवा कारण कड्याखाली नेटवर्क आलं गेलं असतं आणि मॅप उघडत नाही. रेंजच नसेल तर कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे कुणाला तरी सांगून निघालेलं असणं हाच आधार.

कोणी पडलं तर उडी मारू नका. जीव तुटतो बघताना, माहितीये, पण वाचवायला उतरलेली माणसंच जातात असं फार वेळा झालंय. तरंगणारं काहीही फेका, रिंग, रिकामा बंद कॅन, हवा भरून बंद केलेली बॅग, आणि ओरडून सांगा की उताणा हो, तरंग. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्यांदा श्वास अनावर होतो, धाप लागते, त्या एक दोन मिनिटांत हातपाय मारण्यापेक्षा पाठीवर तरंगून श्वास ताब्यात येऊ देणं महत्त्वाचं. आणि खडकाला धरायला जाऊ नको, लाटा आपटतात, थोडं बाहेरच राहा असंही सांगा. एकाने नजर त्याच्यावरून हलवायची नाही, दुसऱ्याने फोन.

प्रश्न: कड्यावरचे पक्षी बघायला कधी जावं?

उत्तर: उत्तर गोलार्धात एप्रिल ते जुलै, ऑगस्ट लागला की पफिन हे छोटे समुद्रपक्षी समुद्रावर निघून गेलेले असतात. गिलेमॉट हा समुद्रपक्षी घरटंच बांधत नाही, उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो, आणि पिल्लू तीनएक आठवड्यांचं झालं की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून खाली उडी मारतं, खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, तोच त्याला पुढे समुद्रात सांभाळतो. बहुतेक उड्या संध्याकाळनंतर होतात म्हणून तेवढा वेळ हाताशी ठेवा. पफिन मात्र वरच्या गवतात बिळं करतात, तुम्ही पायवाट सोडलीत तर पायाखाली बीळ ढासळतं, तेव्हा वाटेवरूनच बघा, दुर्बीण न्या, आणि ड्रोन उडवू नका, पक्षी एकदम उठले की अंडी कपारीवरून खाली जातात.